लेपर्ड कुठं राहतो?

ओतूरच्या नर्सरीत तीन वर्षांच्या पोरांचीही मुलाखत घेतात म्हणे. म्हणून आमच्या ह्यांनी महिनाभर लेकीकडून, संस्कृतीकडून, प्राण्यांचा तक्ता घोकून घेतला. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी तिच्या वेण्या घालतेय, बूट चढवतेय, घास भरवतेय, तरी ह्यांचं आपलं "लायन कुठला? झेब्रा कुठला?" चालूच. जशी काय पोरगी कलेक्टरच व्हायला निघाली होती.

शाळेत मॅडमनी नेमकं बिबट्याचं चित्र दाखवलं.

"लेपर्ड!" संस्कृती ओरडली. ह्यांची छाती फुगली.

"व्हेरी गुड! आता सांग बाळा, लेपर्ड कुठं राहतो?"

"आमच्या गोठ्यामागं, उसात."

"नो नो, बेटा. लेपर्ड जंगलात राहतो," मॅडम गोड हसल्या आणि कागदावर लाल पेनानं फुली मारली. शेजारी शेराही लिहिला, 'सामान्य ज्ञान कच्चे.'

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. आम्ही निघालो, तशा मॅडम दारापर्यंत धावत आल्या.



"अवो, पोरीला खाली नका सोडू, कडेवर घ्या! शाळेमागच्या उसात कालपासून बिबट्या बसलाय."