निळ्या भुवया

मर्झियेनं कपाळावरची बट मागे घेतली आणि वर्गातल्या मुलींच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या.

तिच्या भुवया निळ्या होत्या. शाईचा डाग कापड धुतल्यावरही मागे राहतो, तशा. दोन्ही सारख्याही नव्हत्या. डावी कपाळात चढलेली, उजवी खाली घसरलेली. बाई रागावली आहे की दचकली आहे ते कळू नये. दोनदा लेझर करून झालं होतं, तरी रंग पुरता गेला नव्हता.

इराणमधल्या कर्मानशाह शहरातल्या त्या वर्गात कायमचा मेकअप शिकवत. सुईनं भुवया भरायच्या, ओठांना रंग द्यायचा, पापणीची कड काळी करायची. आज शेवटची परीक्षा होती. प्रत्येकीनं आपलं गिऱ्हाईक आणायचं आणि उस्तादसमोर भुवया करून दाखवायच्या. मुलींनी बहिणी आणल्या होत्या, मैत्रिणी आणल्या होत्या, सगळ्या विरळ पण स्वच्छ भुवयांच्या. एफ्फत खानमनं, म्हणजे एफ्फतबाईनं, मर्झियेला आणलं होतं.

उस्ताद रोख्सारे वयानं एफ्फतच्या मुलीएवढी. तिनं एफ्फतला खिडकीपाशी नेऊन हळू आवाजात समजावलं. जुन्या कामावर काम करणं शिकाऊ हाताला झेपत नाही. रंगाचं प्रमाण जरा चुकलं तर निळ्याचं हिरवं होईल, आणि ते त्या बाईला जन्मभर तोंडावर वागवावं लागेल. शिवाय नापास झालात तर पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. त्यापेक्षा माझी वहिनी बाहेर बसली आहे, तिच्या करा.

"हिच्याच करायच्यात," एफ्फत म्हणाली.

असंच उत्तर येणार हे रोख्सारेला ठाऊक होतं. सहा महिन्यांपूर्वी त्रेपन्न वर्षांची ही बाई वर्गात शिरली, तेव्हा मुलींना वाटलं, कुणाची तरी आई पोचवायला आली आहे. तिचा हात कापायचा. सरावाच्या रबरी कातडीवर इतरजणी दहा रेघा ओढून उठायच्या, ती शंभर ओढायची. ओठ आणि पापण्या शिकायची तिला हौस नव्हती. तिचा रोज एकच प्रश्न असायचा, बिघडलेला रंग झाकायचा कसा? कुठल्या निळ्यावर किती केशरी घालायचा? आज दिसतो तो रंग महिन्यानं कसा दिसेल? तिची वही नुसत्या रंगांच्या ठिपक्यांनी भरली होती. हानिये नावाची खोडकर मुलगी तिला चिडवायची, "मावशी, सगळ्या शहराच्या भुवया तुम्हीच दुरुस्त करणार का?" एफ्फत हसायची आणि पुढची रेघ ओढायला घ्यायची.

रोख्सारेनं मर्झियेला विचारलं, या अजून शिकताहेत, हे माहीत आहे ना? मर्झियेनं मान डोलावली आणि पलंगावर आडवी होऊन डोळे मिटले.

एफ्फतनं दोऱ्याला रंग लावला. सुतार फळीवर सूत मारतो तसा तो कपाळावर ताणून रेषा उमटवल्या. मोजलं, पुसलं, पुन्हा मोजलं. बधिर करणारं मलम लावून अर्धा तास थांबली. मग सुई उचलली आणि टेकवण्याआधीच तिचा हात थरथरू लागला. तिनं सुई खाली ठेवली, पुन्हा उचलली. थरथर थांबेना. रोख्सारे एक पाऊल पुढे आली.

मर्झियेनं डोळे उघडले नाहीत. "श्वास घ्या," ती हळूच म्हणाली. "मला घाई नाही."

एफ्फतनं श्वास घेतला. हात ठरला.

पुढचे तीन तास ती वाकूनच होती. बाकीच्यांची कामं आटोपली. त्यांची गिऱ्हाइकं आरशात बघून खूश होऊन गेली. मुलींनी जेवून घेतलं आणि एकेक करून त्या पलंगाभोवती गोळा झाल्या. एफ्फतचा डोक्यावरचा रुमाल घसरला तो हानियेनं मागून बांधला, घामही तिनंच टिपला. आता ती चिडवत नव्हती. केशरीखाली निळा हळूहळू मरत गेला. मग त्यावर केसाएवढ्या बारीक तपकिरी रेघा आल्या. उजवी भुवई थोडी थोडी वर सरकत डावीच्या जोडीला जाऊन बसली.

रोख्सारेनं भिंग लावून पाहिलं, पट्टी लावून मोजलं. उजवीच्या शेपटात एक रेघ जाड आली होती, ती तिनं दाखवली. महिन्यानं आणखी एकदा हात फिरवावा लागेल, असं बजावलं. मग कागदावर सही केली आणि खाली लिहिलं, उत्तीर्ण. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एफ्फत रंगाच्या वाट्या धुवायला मोरीकडे वळली.

मर्झिये उठून बसली. रोख्सारेनं तिच्या हातात आरसा दिला. ती बराच वेळ पाहत राहिली. भुवया वर करून पाहिल्या, खाली करून पाहिल्या. हसून पाहिलं.

ते बघताना रोख्सारेला त्या जुन्या कामाचा नव्यानं संताप आला. ती म्हणाली, "खानम, तुमच्या चेहऱ्याची ही दशा करणाऱ्या बाईचं नाव मला सांगा. तिचं दुकान बंद करायला लावते."

मोरीतल्या वाट्यांचा आवाज थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"दुकान तिनं त्याच वर्षी आपण होऊन बंद केलं," मर्झिये म्हणाली. तिनं आरसा खाली ठेवला आणि एफ्फतच्या पाठीकडे पाहिलं. "याच त्या. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी केल्या होत्या. पंधरा वर्षं दर नौरोजला मिठाईचा डबा घेऊन माझ्या दारात माफी मागायला येतात. गेल्या खेपेला मी म्हटलं, एफ्फत खानम, माफी पुरे झाली. आता शिकून या."