बॅटरीची बचत

सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. धाकटी डोळे गच्च मिटून टेबलावर पडली होती. डॉक्टरबाई हातात मावणारं सोनोग्राफीचं मशीन तिच्या पोटावर फिरवत होत्या.

मशीन शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीनेच बनवलेलं. बॅटरी पुरावी म्हणून तिने त्याला एक सवय लावली होती: चित्रात काहीच हललं नाही, तर पाच सेकंदांत स्क्रीन बंद. ऑफिसातल्या चाचणीच्या रबरी ठोकळ्यावर ठेवलं की ते दर वेळी मुकाट झोपी जायचं. हे कौतुक ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते.

"अजून काही सापडत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी हात स्थिर धरते. तू श्वास रोख."

धाकटीने श्वास रोखला. थोरली मनात मोजू लागली. चारपर्यंत पोचली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पाच सेकंद उलटून गेले.

"ताई," धाकटीने डोळे न उघडता कसंबसं विचारलं, "स्क्रीन बंद झाली का गं?"

थोरलीने वळून पाहिलं.

"नाही गं. चालू आहे."

मग धाकटीने श्वास सोडला.