झुकलेला सरू

"सूनबाई, दारावरची नक्षी बघ. ताठ सरूची झाडं म्हणजे आमच्या घरचे पुरुष. आणि तो शेंडा झुकलेला, कोयरीसारखा दिसतो ना, ती सून. झुकते, म्हणून मोडत नाही." तूबा नवी नवरी होऊन इराणमधल्या काशानच्या त्या घरात आली, तेव्हा सासूबाईंनी हे सांगितलं होतं. केवढा हा मान! सून थेट दारावर कोरलेली. मान खाली घालून वावरल्यामुळे तूबाला मात्र ती पुढे फारशी दिसली नाही.

आज तिच्या लेकीला, गुलनारला, मागणी घालायला पाहुणे आले होते. "आई, मला हे लग्न नको," असं गुलनारने सकाळीच सांगितलं होतं. तूबा गप्प राहिली. गप्प राहण्यात तिचा हात कोण धरणार?

मुलाची आई दारातच हरखली. "अगोबाई, आमच्याही दारावर अगदी अशीच नक्षी!"

"मग जमलंच म्हणायचं!" तूबाचा नवरा हशमत म्हणाला. "तूबा, पाहुण्यांना अर्थ सांग बघू. तोवर तोंड गोड करू या." त्याने पाहुण्यांनी आणलेला मिठाईचा डबा पुढे ओढला. मुलीकडच्यांनी तो उघडला, की होकार झाला.

तूबाने झाकणावर हात ठेवला. "अर्थ राहू द्या, हशमत आगा. पोरीला हे लग्न नको आहे."

"तिला काय कळतंय?" हशमत हसला. "तू तरी कुठे नाही म्हणाली होतीस?"

"म्हणाले नव्हते," तूबा म्हणाली. "पण मलाही नको होतं."