चौथी दिशा

ईस्ट कोस्टच्या आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, गेटसमोरच्या बाकावर संध्याकाळी चार सासवा बसायच्या. मुलांकडे राहायला आलेल्या, चौघीही मराठी. आल्यागेल्याची चौकशी केल्याशिवाय त्या कोणाला आत सोडत नसत. गेटवरचे चिनी वॉचमन अंकल लिम यांनी त्यांना 'फोर हेवनली किंग्ज' असं नाव पाडलं होतं. बौद्ध देवळाच्या दाराशी चार दिशा राखणारे चार राजे असतात, त्यांच्यावरून.

माझ्या सासूबाईंचा व्हिजिट पास संपला आणि त्या पुण्याला परतल्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून मुद्दाम उशिरा निघाले. कितीतरी महिन्यांनी "आज सव्वाआठ?" असं विचारणारं कोणी नव्हतं.

गेटातून आत आले, तर अंकल लिम बाकापाशी उभे. सासूबाईंच्या रिकाम्या जागेवर त्यांनी आपला थर्मास ठेवून त्याला टॅब टेकवला होता. उरलेल्या तिघी जागच्या जागी होत्या.

"थ्री किंग्ज कॅनॉट, लाह," वाक्याच्या शेवटी आपला नेहमीचा 'लाह' जोडत ते गंभीरपणे म्हणाले.

टॅबमधून आवाज आला, "मैत्रेयी, आलीस का? अगं, मला जरा गेटकडे वळव. इथून नुसतं आभाळ दिसतंय."