खवट कोडबळी

म्हैसूरच्या विद्यापीठात चार वर्षं घासून भाग्यलक्ष्मीने अन्नशास्त्राचा प्रबंध संपवला. पाकिटातली कोडबळी, म्हणजे तिकडची कडबोळी, पाचव्या महिन्यात खवट होतात, असं तिने लिहिलं. पैसे पुरवणाऱ्या कंपनीला आठ महिने हवे होते, म्हणून तिचे मार्गदर्शक नंजुंडय्या सर प्रबंधावर सही करेनात.

तिने सहा महिने जुनं पाकीट फोडून त्यांच्यापुढे धरलं. "खाऊन दाखवा, सर."

सरांनी अख्खं कोडबळं कुडुमकुडुम चावून गिळलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "झकास! आठच लिही."

"मग उरलेली घरी न्या, नातीला."

सरांनी पाकीट चटकन लांब सारलं. "वेडी का गं तू? पोट बिघडेल पोरीचं. उद्या तोंडी परीक्षेला येणाऱ्या परीक्षकांना दे."

"ते थुंकतील, सर."

"छे गं! त्यांना पीएचडी मीच दिलीय."