कॉइलचा मोकळा पाय

बॅटरीवरची स्कूटर दोन दिवस चार्ज होईना, तेव्हा म्हाताऱ्या मेकॅनिकच्या मनात पाल चुकचुकली. त्याचं भटकणं सुनेला खुपायचं. हे काम तिचंच! त्याने चार्जर उघडला. फ्यूज शाबूत, स्विचिंगचा ट्रान्झिस्टर धडधाकट, तरी पुढे व्होल्टेज शून्य. भिंगातून दिसलं: कॉइलचा एक पाय सोल्डर काढून मोकळा केलेला. कुठेही करपलं नव्हतं. सुनेला तर बल्ब बदलता येत नसे. इतकं सफाईचं सोल्डरकाम त्याने एकाच माणसाला शिकवलं होतं. “अगं, तू?” “मीच,” बायको भाजी निवडत म्हणाली. “सुनेवर डोळे वटारू नका. सोमवारी कुठे होतात?” “बाजारात.” “पेट्रोलपंपावर. घर सापडेना म्हणून रडत होतात. तिथल्या बाईंनी फोन केला.” त्याने सोमवार आठवून पाहिला. काहीच हाताला लागेना. कॉइल तशीच ठेवून त्याने झाकण लावलं. “सोल्डर मात्र सुरेख काढलास हं.”