सलोनीकडचं विरजण

देवयानीने विरजणाची वाटी सिंकमध्ये उपडी केली आणि वर नळ सोडला.

“अगं, काय करतेस हे?” मधुसूदन चहाचा कप घेऊन दारातच थबकला. “आईचं विरजण ते!”

“होतं,” ती म्हणाली.

लग्न होऊन साताऱ्याहून लखनौला आली तेव्हा आईने स्टीलच्या डबीत घालून दिलेलं. आलमबागच्या या रेल्वे क्वार्टरमध्ये ते रोज दुधाला लागत आलं, एक दिवस खंड नाही. आणि आज बाईने सरळ वाहवून टाकलं!

सगळं त्या डॉक्टरांच्या बोलण्याने झालं. बिचाऱ्यांनी हिला आपला कॅन्सर समजावा म्हणूनच सांगितलं होतं. स्तनातल्या गाठीच्या पेशी स्वतः बिघडतात त्या बिघडतात, वर शेजारच्या चांगल्या पेशींनाही फितवतात. ज्यांनी राखण करायची, त्याच मग गाठीला वाट करून देतात, पोसतात. “जैसे दूध में जामन, बहनजी. एक चम्मच डाला, और सारा दूध बदल गया.” देवयानी तेवढंच ऐकून घरी आली.

“त्यांनी नुसतं उदाहरण दिलं गं,” मधुसूदन काकुळतीला आला. “तुझ्या हाताने दह्याला काय होणार आहे?”

“कळतं हो मला. पण हात धजत नाही. माझं काही कुणाला लागायला नको आता.”

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची सलोनी रिकामी वाटी घेऊन उभी. घरात दही असलं तरी दूध विरजायला तिला भाभीजींचंच जामन लागे.

“भाभीजी, ज़रा-सा जामन.”

“नहीं है,” देवयानी म्हणाली. “ख़त्म हो गया.”

असं कधी झालं नव्हतं. सलोनीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मधुसूदनच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे, आणि जिना उतरून गेली. सुटली बिचारी, असं देवयानीला वाटलं, आणि तिला रडूच कोसळलं.

डोळे पुसून होतात न होतात तोच सलोनी परत दारात. वाटीत घट्ट दही.

“ये आप ही का है, भाभीजी. कल आपके जामन से जमाया था. लीजिए, फिर से शुरू कीजिए.”

देवयानीने वाटी नाकाशी नेली. तोच वास, माहेरच्या स्वयंपाकघराचा. मधुसूदनने लगबगीने दूध कोमट करायला ठेवलं.

बराच वेळ तिने वाटी तशीच धरून ठेवली. मग ती सलोनीच्या हातात परत दिली आणि तिची बोटं वाटीभोवती मिटवली.

“इसको तू अपने पास ही रख. रोज़ जमाती रहना. बंद नहीं करना, हाँ?”

मधुसूदनने गॅस बंद केला.

“और आप?” सलोनीने विचारलं.

“मेरी बेटी अमृता आएगी न पुणे से, माँ का दही माँगेगी. तब उसको दे देना.” देवयानीने पदराने नाक पुसलं. “जमाना भी सिखा देना, सलोनी. मुझसे रह गया.”